शिकाऊ, वय बावन्न

गोपाल मिस्त्री गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी ओट्याला टेकून उभी होते. नानाखेड्यातल्या आमच्या घरातला हा ओटा त्यांनीच बांधलेला. काम संपल्यावर त्यांनी त्यावर पेलाभर पाणी ओतलं होतं आणि ते मोरीकडे कसं जातं ते वाकून पाहिलं होतं. "रुक, बिटिया. अभी जाएगा..."

पुढे ते राम घाटाजवळ पायऱ्यांच्या कामावर लागले. तीस वर्षं थापी धरलेला हा माणूस हजेरीपटात 'शिकाऊ' म्हणून लिहिला होता, सोबतचे सात मिस्त्रीही तसेच. शिकाऊ दाखवलं की ठेकेदाराला मिस्त्रीची मजुरी द्यावी लागत नाही. "बावन साल का विद्यार्थी हूँ," ते म्हणाले, "अब बस्ता भी दिला दे." आठही जणांनी श्रम कार्यालयात तक्रार केली. नावं गुप्त होती; अधिकारी अचानक येऊन कामावरच जबाब घेणार होते. मिस्त्रींनी मला एवढंच बजावलं, "बयान हो जाने दे, फिर जो छापना है छाप."

मी थांबले नाही. आमच्या घरात परचे, म्हणजे हातपत्रकं, छापली जायची; त्यांच्यावरच मी वाढले. नाव नसलेला परचा म्हणजे अफवा, असं बाबा म्हणत. मी आठही नावं छापली आणि टावर चौकात उभी राहून परचे वाटले. मला त्या दिवशी फार शूर वाटत होतं. दुसऱ्या सकाळी ठेकेदारानं सगळ्यांना बोलावलं. आम्ही राजीखुशीनं काम शिकतो आहोत, अशा कागदावर सात अंगठे उमटले. मिस्त्रींनी अंगठा दिला नाही. त्यांचं काम गेलं.

जबाब त्यांनी एकट्यानं दिला. शिकाऊ म्हणून करार नाही, कुणी काही शिकवलेलं नाही, तेव्हा हा माणूस मिस्त्रीच, असा आदेश निघाला. ठेकेदाराला मजुरीतला फरक देणं भाग पडलं, दंड झाला, सरकारी ठेकेही काही काळ बंद झाले. मी त्यावरही परचा काढला. पण आदेशात नाव एकच होतं. बाकीचे सात कागदावर शिकाऊच राहिले, आणि परच्यासाठी नावं गोपालनंच फोडली असं समजून त्यांनी मिस्त्रींशी बोलणं सोडलं. मिस्त्रींनी माझं नाव कधीच घेतलं नाही. एकदा घरी आले, ओट्याची निघालेली फरशी बसवून गेले. मी माफी मागायची ठरवून ठेवली होती... विचारलं मात्र, "चहा घेणार?"

तेराव्याला ते सातही जण आले होते. मी त्यांना सांगितलं, नावं मी छापली, ते थांब म्हणत असताना. कुणी रागावलं नाही. त्यांच्यातले कैलास मिस्त्री बराच वेळ चपला शोधत राहिले. मग म्हणाले, "दो साल वो हमारे सामने से निकलता रहा, बाई. तब बोलना था."

घरी येऊन मी ओट्यावर पेलाभर पाणी ओतलं. ते मोरीपर्यंत जाईस्तोवर मी थांबले.