गोल बटणाचे चार कोपरे

आमचा टेम्पो मोशीहून मारुंजीला निघाला तेव्हा मी मागे फ्रिजला मिठी मारून बसलो होतो आणि मनातल्या मनात चाकणच्या नोकरीचा निरोप घेत होतो. हा निरोप जरा लवकर झाला. हिंजवडीतल्या एका कंपनीचं पत्र हातात होतं, बायकोची नोकरी आधीपासून हिंजवडीतच होती, म्हणून मारुंजीला घर घेतलं. माझा राजीनामाही देऊन झाला होता. राहिलं होतं ते एवढंच, की माझ्या कंपनीनं मला सोडायचं. ही किरकोळ बाब मी सामान हलवल्यानंतर बघू म्हणून ठेवली होती.

आमचे मॅनेजर साहेब राजीनामा वाचून अजिबात रागावले नाहीत. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"जा की राव, कोण अडवतंय?" ते म्हणाले. "फक्त ते लाइनवरचं तुमचं बटण कुणाच्या तरी हवाली करा. ते सांभाळणारा माणूस उभा राहिला, की त्याच दिवशी तुमचं रिलीव्हिंग लेटर."

आणि हिंजवडीवाल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं : महिनाअखेरपर्यंत लेटर आणा, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला.

तर मी मारुंजीत राहून चाकणला नोकरी करू लागलो. कंपनीची बस पिंपरीहून सुटायची. मारुंजी ते पिंपरी मोटरसायकल, तिथून बस, आणि बस भोसरीवरून मोशीला आली की बरोब्बर माझ्या जुन्या घरासमोरच्या सिग्नलला थांबायची. पूर्वी मी याच सिग्नलला, चहा पिऊन, डुलत डुलत बसमध्ये चढायचो. आता वर बघितलं की माझ्या गॅलरीत दुसऱ्या कुणाच्या चड्ड्या वाळत असायच्या. बायको म्हणाली, "अरे, सामान सगळं आलं बघ. फक्त तुला आणायचं राहिलं."

आता ते बटण. त्याबद्दल सांगितल्याशिवाय मी कशात अडकलो होतो ते कळणार नाही.

आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होतात. लाइनवरच्या बायका वायरा बोर्डावर मांडतात, टेप गुंडाळतात, मग जुडगा तपासायच्या यंत्राला लावतात आणि समोरच्या टचस्क्रीनवरचं बटण दाबतात. दाबलं की लेबल छापून येतं आणि पुढच्या जुडग्याचा नंबर दिसतो. तो स्क्रीनवरचा प्रोग्रॅम माझा, जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला.

जावा तुम्हाला तयार बटण देते. करडं, चौकोनी, सरकारी कचेरीच्या कपाटासारखं. काम चोख करतं. पण "लाइनवर शोभेल असं काहीतरी करा" असं साहेब एकदा चहा पिता पिता म्हणून गेले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. हे बटण कसं दिसावं ते रंगवायचं काम जावाकडून काढून स्वतःच्या हातात घेता येतं. मी घेतलं. वर्तुळ काढलं, त्याला हिरवा रंग, वरून उजेड पडल्यासारखी चकाकी, खाली बारीक सावली. दाबलं की बटण आत गेल्यासारखं दिसायचं. त्याच्या पोटातच जुडग्याचा नंबर, ठळक अक्षरात. एका बटणानं भागेना म्हणून मग तक्ते, पट्ट्या, अगदी चूक झाल्याचा संदेश दाखवणारी चौकटसुद्धा मी हातानं रंगवली. तयार मिळतं ते वापरणं म्हणजे मला माझा अपमान वाटायला लागला होता. घरी बायकोला ते बटण दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. काय करतं?" "दाबलं जातं," मी म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली.

स्क्रीनवरच्या प्रोग्रॅमच्या खिडकीची चौकटही मी काढून टाकली होती. मध्यंतरी कुणीतरी प्रोग्रॅम बंद करून पत्ते खेळलं होतं, म्हणून साहेब म्हणाले, वरची फुली काढा. मी फुलीच काय, अख्खी पट्टी काढली, स्क्रीन भरून टाकली आणि बाहेर पडायला कीबोर्डवरची एक गुप्त युक्ती ठेवली. ग्राहक कंपनीचे लोक बघायला आले त्या दिवशी मी ऐटीत सगळं दाखवलं आणि म्हणालो, "आता मागचा अहवाल बघू." अहवाल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये होता. त्यासाठी आधी यातून बाहेर पडायला हवं होतं. आणि लाइनवरच्या टचस्क्रीनला कीबोर्ड नसतो. पाहुण्यांसमोर मी त्या हिरव्या बटणाच्या आजूबाजूला बोटं फिरवत राहिलो, हसत राहिलो, आणि शेवटी वाकून भिंतीतला प्लग उपटला. पाहुण्यांना वाटलं हीच पद्धत आहे. त्यांच्यातल्या एकानं ते टिपूनसुद्धा घेतलं.

म्हणजे त्या खिडकीतला पहिला कैदी मीच. पण शहाणपण म्हणून येईना.

बटण सांभाळायला पहिला माणूस आला तो जेवायच्या सुट्टीपर्यंत टिकला. दुसरा लातूरकडचा, माझ्याच वयाचा, तोंडात सदा बडीशेप. त्यानं माझा कोड उघडला आणि बराच वेळ नुसता खाली खाली सरकवत राहिला. बटण रंगवायचा भाग संपेचना.

"सर," तो म्हणाला, "हे काय करून ठेवलाव?"

"सगळं कस्टम आहे," मी म्हणालो. आवाजातला अभिमान मला लपवता आला नाही.

"ते दिसायलंय. पण का?"

मी बटण दाबून त्याला चकाकी दाखवली. तो म्हणाला, साधं तयार बटण लावू, सगळं एका दिवसात होईल, उद्या कुणीही आला तरी त्याला कळेल. मी म्हणालो, बघू. मनात म्हणालो, याला सौंदर्यदृष्टी नाही. तरी भला माणूस होता. दोन दिवस बसला, वाचलं, प्रश्न विचारले, आणि साहेबांना म्हणाला, "सांभाळीन मी. अवघड हाय, पण कळायलंय." साहेब मला म्हणाले, सोमवारी लेटर घेऊन जा.

मी बायकोला फोन करून टाकला. इथंपर्यंत सगळं ठीक होतं. पण जाता जाता आपलं काम निर्दोष करून जावं, अशी मला हुक्की आली.

कारण वाचता वाचता मला माझीच एक चूक सापडली होती. जावाच्या लेखी प्रत्येक बटण चौकोनीच. त्यावर तुम्ही वर्तुळ रंगवा नाहीतर गणपती रंगवा, खाली चौकोन असतोच. वर्तुळाच्या बाहेरच्या स्पर्शाला दाद देऊ नकोस, हे त्याला वेगळं सांगावं लागतं आणि मी ते सांगायचं विसरलो होतो. म्हणजे माझ्या गोल बटणाला न दिसणारे चार कोपरे होते आणि ते चारही कोपरे जिवंत होते. जिथं काहीच दिसत नाही तिथं बोट लागलं तरी लेबल छापून येणार! मी शरमलो. शनिवारी दोन ओळी लिहून कोपरे बंद केले, टेबलावर बसून माऊसनं कोपऱ्यात टिचक्या मारून पाहिल्या. काही झालं नाही. मला इतका आनंद झाला की मी ते लातूरकरालासुद्धा सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी लेटरच्या आशेनं इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेबांच्या केबिनपर्यंत पोचलोच नाही. लाइन बंद होती. बायका स्क्रीनसमोर उभ्या राहून बोटं मारत होत्या आणि एकाही यंत्रातून लेबल निघत नव्हतं. लाइन बघणाऱ्या ताई जवळच्याच गावातल्या. त्यांच्या घरच्या रानातच पुढं एमआयडीसी आली, त्यामुळे प्लांटमध्ये त्या साहेबांपेक्षा मोठ्यानं बोलायच्या.

"ओ भाऊ, तुमचं बटान मेलं!"

"मेलं कसं? दाबून बघा ना."

"सकाळधरनं दाबतीया. डोळं हायत का न्हाईत तुमाला?" आणि त्यांनी दाबलं. वर्तुळाच्या बाहेर, खालच्या उजव्या कोपऱ्यात.

मी पहिल्यांदाच त्या स्क्रीनकडे नीट बघितलं. हिरवं वर्तुळ लख्ख होतं. आणि त्याच्या खाली उजवीकडे, जिथं मी काहीही काढलेलं नव्हतं, तिथं टेपच्या चिकाचा काळाकुट्ट डाग होता. शेजारच्या स्क्रीनवर तसाच. त्याच्या शेजारीही. अख्खी लाइन इतकी वर्षं माझ्या बटणाला हात न लावता काम करत होती.

"ताई, मध्ये का दाबत नाही?"

"मधी दाबलं तर नंबर झाकतुय की हाताखाली. आन चिकाट बोट लागलं की दिसतच न्हाई. तुमी नंबर बटनाच्या पोटात घातलाय, त्याला आमी काय करनार? समद्या आमी कडंला दाबतो."

"पण कडेला बटण नाहीये!"

"व्हतं की. शनवारपातूर व्हतं."

मागे साहेब येऊन उभे राहिले होते. मी धावत जाऊन ती चूक पुन्हा होती तशी घातली, कोपरे जिवंत झाले, लाइन सुरू झाली. पण लातूरकर तोवर शेजारी येऊन सगळं बघत होता. त्याच्या तोंडातली बडीशेप थांबली होती.

"म्हणजे सर, जिथं काही दिसंना तिथं खरं बटण हाय. आन हे कुठंच लिहिलेलं नाही. असलं अजून किती हाय यात?"

"आता नसेल," मी म्हणालो.

"शनिवारी पण तुमाला तसंच वाटायलं असेल."

त्यानं साहेबांना जाऊन सांगितलं, हे माझ्यानं होणार नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून हात पसरले, म्हणजे, आता मी तरी काय करू! लेटर त्यांच्या टेबलावर सहीविना पडलेलं मला काचेतून दिसत होतं. महिना संपत आला होता. परतीच्या बसमध्ये मोशीच्या सिग्नलला मी गॅलरीकडे बघितलं. चड्ड्यांच्या जोडीला आता एक कुंडीही आली होती. म्हणजे ती माणसं राहायला आली होती. जायच्या तयारीत असलेला कुणीही कुंडी ठेवत नाही. आमच्या कंपनीतल्या माझ्या टेबलावर कुंडी होती, हेही मला तेव्हाच आठवलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती हसायची थांबेना. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तो लातूरकर साधं बटण लावू म्हणत होता ना? मग लाव की."

"अगं, पण ते दिसतं कसं!"

"तुला हिंजवडीला यायचंय, की त्या बटणाजवळ राहायचंय?"

दुसऱ्या दिवशी मी लातूरकराला गाठलं, कँटीनमध्ये चहा पाजला आणि म्हटलं, "तू म्हणशील तसं. साधं तयार बटण. बसशील का शेजारी?" तो बसला. आम्ही चकाकी काढली. सावली काढली. आत गेल्याचा भास काढला. रंगवायचा एकेक भाग मी पुसायचो तेव्हा तो भिंतीकडे बघायचा. अंत्ययात्रेला परक्या माणसानं जसं उभं राहावं, तसा. शेवटी उरलं एक करडं, चौकोनी, अजस्र बटण. नंबर बटणाच्या पोटातून काढून वर, वेगळा. चारही कोपरे दिसणारे आणि चारही दाबता येणारे. अख्खा कोड दोन वेळा सरकवला की संपत होता.

लाइनवर ते लावलं तेव्हा ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गोल कुठं गेलं?"

"काढलं, ताई."

"ते चांगलं दिसायचं," त्या म्हणाल्या. माझ्या त्या बटणाबद्दल आयुष्यात कुणी काढलेले हे एकमेव चांगले शब्द, आणि ते त्याच्या तेराव्याला. मग त्यांनी पुढं होऊन खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट मारलं. लेबल आलं. वरचा नंबर बदलला. त्या मागं न बघता पुढच्या जुडग्याला लागल्या.

तेवढ्यात साहेब आले. चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं. लातूरकराला विचारलं, "हे सांभाळाल?" तो म्हणाला, "ह्यात सांभाळायला हायच काय?" साहेबांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जरा हिरमुसूनच म्हणाले, "एवढंच होतं हे? राव, हे तर कुणीही केलं असतं."

माझं तोंड उघडलं. वर्तुळाची कडा गुळगुळीत दिसावी म्हणून काय काय करावं लागतं, सावली कुठून किती पडते, तयार बटण वापरणारे वेगळे आणि आपण वेगळे, हे सगळं घशापर्यंत आलं. एक वाक्य बोललो असतो तरी साहेबांच्या लक्षात आलं असतं, की या माणसाशिवाय आपलं अडेल. लातूरकरानं माझ्या बुटावर हळूच बूट ठेवला.

"हो साहेब," मी म्हणालो. "कुणीही."

साहेबांनी खिशाला लावलेलं पेन काढलं आणि केबिनकडे निघाले. मी त्यांच्या मागोमाग, तोंड मिटून, अगदी जवळून चालत गेलो. वाटेत टेबलावरची कुंडी उचलून घेतली.