दारासुरम्‌च्या मांजरांचे डॉक्टर

डॉ. रघुत्तमरावांची आणि माझी पहिली भेट एका मांजरामुळे झाली. साठीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, हे मला समजतं; पण खरं तेच आहे. प्राध्यापकांशी हमरीतुमरीवर येऊन मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं होतं आणि कुंभकोणमभर सायकल पिटाळत होतो. दारासुरम्‌मध्ये रेशीम विणणाऱ्यांच्या गल्लीत एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. आता तिचं लग्न झालं आहे. तिचं मांजर खाईना, म्हणून मी ते टोपलीत घालून डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

"कोणाचें मांजर?"

"माझंच."

तेवढ्यात मांजरानं माझा हात ओरबाडला.

"सरि," डॉक्टर म्हणाले, "त्यास अजून सांगितलें नाहीस वाटतें."

तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतली जुनी मराठी आणि मध्येच तमिळ 'सरि', म्हणजे 'बरं': डॉक्टर जनावरांशीही असेच बोलतात. जिभेवरच्या फोडांवरून त्यांनी कापसाची काडी फिरवली आणि ती बर्फात ठेवली. कॅलिसीव्हायरस असावा, म्हणाले. इडलीपात्र वाकवून चेंडू केला तर अंगभर जसे खळगे दिसतील, तसा हा विषाणू मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. लॅटिनमध्ये 'कॅलिक्स' म्हणजे वाटी; त्या वाट्यांवरूनच त्याला नाव पडलं. मांजर बरं झालं. मी मात्र दवाखान्यातच राहिलो.

त्यांच्या कामाची थोरवी मला पुढच्या वर्षी कळली, तीही माझ्या चुकीतून. गल्लीतल्या मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्याच आठवड्यात मांजरंही शिंकू लागली. रेशमाला उंदरांपासून वाचवायला तिथे घरोघर मांजर असतं. पण लोक म्हणू लागले, रोग यांनीच आणला, विष घाला. डॉक्टरांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. माणसाला वांती करवणारा विषाणू आणि मांजराचं तोंड सोलणारा विषाणू एकाच कुळातले असले तरी एकच नसतात, हे त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं. मद्रासला त्यांचे सहाध्यायी जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून विषाणू ओळखायची नवी पद्धत वापरत होते. अट एकच: नमुने थंड पोचले पाहिजेत. या विषाणूंचा वंशलेख एकपदरी असतो आणि उष्णतेनं विरून जातो.

नमुन्यांची बर्फाची पेटी मद्रासला पोचवायला डॉक्टरांनी माझ्या हाती दिली. ती मुलगी तेव्हा तिरुभुवनम्‌ला मावशीकडे होती, तिथे तिला बघायला पाहुणे येणार होते. पुढे मायिलाडुतुरैला मद्रासची गाडी धरू, असं मनाशी ठरवून मी वाटेत तिथेच बसमधून उतरलो. दुपारपर्यंत त्या घरासमोर उभा होतो. शेवटी ती खिडकीत आली.

"पेटीत काय?"

"तुझं मांजर आहे, असं समज."

सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग इथे का उभा आहेस? पो." म्हणजे, जा.

गाडी गेली होती. बर्फाचं पाणी झालं होतं. परत आल्यावर मी बर्फवाल्याच्या नावानं आरडाओरडा केला. डॉक्टरांनी पेटीत बोट बुडवलं. "चुम्मा बैस," म्हणजे उगी बैस, एवढंच बोलले. मी बसलो आणि खरं सांगितलं. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, 'बर्फ वितळला, नमुने निरुपयोगी'. माझं नाव लिहिलं नाही. मग छत्री घेऊन टाउनबसनं दारासुरम्‌ला निघाले. दारोदार जाऊन "चूक माझ्याकडून जाहली" म्हणत त्यांनी मुलांच्या शौचाचे नमुने पुन्हा मागितले, मांजरांच्या तोंडातून पुन्हा काड्या फिरवल्या. मी पेटी धरून मागे उभा.

एक आजीबाई म्हणाल्या, "काय हो, मागच्या खेपेस दिलं ते गोड लागलं वाटतं?"

डॉक्टर सगळ्यांच्या आधी हसले. बहुतेक मुलं बरी झाली होती. दोघांचेच नमुने मिळाले. या वेळी मी मद्रासपर्यंत पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तार आली: मुलांचा विषाणू वेगळा, मांजरांचा वेगळा.

"जा, गल्लीत वाचून दाखव," डॉक्टर म्हणाले.

"ती तिथे नाही. तिचं ठरलं."

"ठाऊक आहे. मांजरें आहेत ना?"

मी गल्लीत उभं राहून तार वाचली. तिचे वडील मागावरून उठून आले, तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "तिला पत्रात कळवतो. मांजराची फार काळजी करत होती."

माझ्या वाट्याला तेवढं आलं. ते पत्र गेलं का, त्यात माझं नाव होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारावंसं मात्र रोज वाटतं. असं वाटायला लागलं की डॉक्टर माझ्या हाती पेटी देतात आणि कुठून कुठे न्यायची तेवढंच सांगतात. लवकर ये, थेट जा, असं त्या दिवसानंतर ते एकदाही म्हणाले नाहीत. रघुत्तमरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे दारोदार फिरण्याजोगे राहोत, आणि पेटी उचलायला त्यांनी मलाच हाक मारावी.