पाणी न मारलेली भिंत

त्याचं खरं नाव शेजाऱ्यांनीही कधी घेतलं नसेल. सगळे त्याला टकटक्या म्हणत. हा गवंडी भिंतीसमोर उभा राहिला की आधी गिलावा थापायच्या करणीच्या मुठीने टकटक करायचा, कान लावायचा आणि जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल काढायचा. भिंतींशी त्याचं छान जमे, माणसांशी कधी नाही. जिभेला हाड नव्हतं. तरी लोक त्यालाच बोलवत, कारण तीस वर्षांत त्याने लावलेल्या गिलाव्याचा एक पोपडा पडला नव्हता. मिरवण्यासारखं त्याच्याजवळ तेवढंच होतं.

त्या घराच्या वाटण्या कुणी केल्या देव जाणे. पश्चिमेची भिंत थोरल्या जावेची आणि भिंतीपुढचं अंगण धाकटीचं. दोघींत बारा वर्षं अबोला. थोरलीच्या भिंतीचा पोपडा धाकटीच्या वाळत घातलेल्या चादरींवर कोसळला, तेव्हा कुठे तिने परांचीला जागा दिली. तीही सकाळी आठ ते बारा.

“एक मिनिट वर झालं तर बांबू रस्त्यावर टाकीन,” ती म्हणाली.

“टाका की. उचलायला चार माणसं लागतात. तुमच्याशी बोलणारी तेवढी आहेत का बघा.”

दोन सकाळी त्याने पोकळ गिलावा विटेपर्यंत फोडून काढला, सांधे खरवडले, विटा भिजवल्या. पुढच्या दोन सकाळी खिडकीपासून जोत्यापर्यंत नवा गिलावा चढवला आणि असा घोटला की जुना कुठे संपतो ते बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

“आता सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी मारायचं,” त्याने दोघींना ऐकू जाईल असं सांगितलं. “दुपारचं सगळं ऊन या भिंतीवर. पाणी चुकलं की तडे गेलेच.”

थोरली खिडकीतून म्हणाली, “पाणी माझ्या नळाचं घ्या. पण तिच्या अंगणात मी पाय ठेवणार नाही.”

“आणि मला अंगणात चिखल नको,” धाकटी म्हणाली. “परांची काढलीत, काम संपलं.”

“तुमच्या नाकापायी माझी भिंत जाईल, बाई.”

“आता तुमची झाली का? वहिनी म्हणतात त्यांची, तुम्ही म्हणता तुमची. अंगण तेवढं नक्की माझं.”

मग त्याने खिडकीतून ओली गोणपाटं भिंतीवर सोडली आणि थोरलीला वरून तांब्या-तांब्या पाणी ओतायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोणपाटं कुंपणावर नीट घडी करून ठेवलेली, खडखडीत वाळलेली.

“ठिबकत होती,” धाकटी म्हणाली आणि फाटकाला कडी घातली.

“मी म्हटलं नव्हतं, अशीच आहे ती?” थोरली म्हणाली. भिंतीपेक्षा तिला याचंच समाधान जास्त.

तिसऱ्या दिवशी धाकटी दूध घ्यायला फाटकाशी आली, तेव्हा तो तिला न विचारताच आत शिरला. खिडकीखाली केसासारखे तडे जाळं धरून बसले होते. त्याने मुठीने वाजवलं. बद्द. हातभर खाली वाजवलं. तिथेही बद्द.

त्याने पिशवीतून छिन्नी काढली आणि आपलाच गिलावा फोडायला लागला.

“अहो मिस्त्री, डोकं फिरलं का?” थोरली खिडकीतून ओरडली. “एवढेसे तडे, रंगात झाकले असते.”

“रंगात तुमची भांडणं झाका. उघड्या विटा बघून लोक तुम्हाला हसतील. तडे बघून मला हसले असते.”

“वेडा आहे हा माणूस,” धाकटी म्हणाली.

“ठार वेडा,” थोरली म्हणाली.

बारा वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. दोघींच्या एकदमच लक्षात आलं. खिडकी धाडकन लागली.

तो थांबला नाही. जोत्यापर्यंत सगळं उतरवलं, छिन्नी पुसून पिशवीत टाकली. पायाशी ढीग पडला होता.

“हा कोण उचलणार?” धाकटीने विचारलं.

“भिंतीचा म्हणाल तर त्यांचा, अंगणातला म्हणाल तर तुमचा,” तो म्हणाला. “माझा नाही.” आणि फाटक सताड उघडं टाकून निघाला.