म्हशीला सांगितलेली तोडी

माझ्या भासऱ्यांइतका गाण्याचा वेडा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात नव्हता, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला कीव येते. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात भासऱ्यासमोर पदर डोक्यावर घ्यायचा आणि समोरासमोर बोलायचं नाही, दोघांनीही. ऐंशीच्या पुढच्या सालांत त्यांनी बेल्लमपल्लीहून रेडिओ आणला. तो नीट लागायचा फक्त गोठ्यात, टिनाच्या छपराला तार बांधून. गोठ्याची भिंत माझ्या चुलीला लागून. त्यामुळे सकाळी भाकरी थापताना मला पक्कं गाणं फुकट होतं, नको असलं तरी.

भासऱ्यांना आयुष्यात एकच हवं होतं : सोबत बसून गाणं ऐकणारा एक माणूस. गाव कापूस-ज्वारीत बुडालेलं. उटनूरहून येणाऱ्या मास्तरांना धरलं, ते चहा पिऊन पळाले. एकदा पटवारी सहीला आला, तर त्याला शेणाच्या पाटीशेजारी पोत्यावर बसवून संथ ख्याल ऐकवला. बिचारा घाबरून म्हणाला, "भाऊ, हा गवई बिमार हाय का?"

"बिमार नाही, घर धुंडून राह्यला. समेवर आला का समजा पोचला."

"मंग पोचल्यावर बलवा मले," म्हणून पटवारी उठला तो आठ दिवस फिरकला नाही.

शेवटी उरली म्हैस. तिला ते रोज शिकवत. "पाह्य, भैरवातला रिषभ कसा डुलते! चीज कोनं बांधली कोनाले ठाऊक नाही, पन चीज जित्ती हाय." म्हैस कान हलवायची. ती माशा हाकलते हे त्यांना कोण सांगणार? आणि ते बोलणं म्हशीसाठी नसून भिंतीपलीकडे चुलीशी बसलेल्या माझ्यासाठी आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला भैरव आणि तोडी हे सकाळचे राग वेगळे ओळखू यायला लागले होते. कोणाला बोलले नाही. भाकरी करपायच्या, तेवढंच.

मग त्यांचे कान गेले. अगदी कानाशी ओरडलं तरच कळायचं. तरी सकाळी रेडिओ लावून त्यावर हात ठेवून बसायचे आणि म्हशीला विचारायचे, "आज काय लागलं वं?" आठ दिवस मी भिंतीआडून उत्तर देऊन पाहिलं. बहिऱ्याला भिंतीआडून काय कळणार? एका सकाळी तवा उतरवला, गोठ्यात गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "तोडी लागली, भाऊजी!"

ते दचकले. माझ्याकडे न बघता म्हशीला म्हणाले, "इतकी वर्सं शिकोलं तुले, अन् शिकलं कोन, पाह्य!" मग पुन्हा तिलाच, "जमली का, इचार."

"नाही," मी ओरडले, "गवई लय घाईत हाय."

भासरे इतके हसले की म्हैस उठून उभी राहिली.

पुढं पाच-सहा वर्षं मी रोज ओरडत होते. गाव हसलं, हसू दे. आता भासरे नाहीत, रेडिओ माझ्याकडे आहे. सकाळी तोडी लागली की "तोडी लागली, भाऊजी!" असं तोंडून मोठ्यानं निघून जातंच. म्हैस दुसरी आहे. तिला गाण्यातलं काही कळत नाही.