भोंगाकाकांचं साळिंदर

बसचा हॉर्न बिघडला तरी त्यांचं काही अडत नसे. खिडकीतून डोकं बाहेर काढून एक हाक मारली की पुढचा रस्ता मोकळा. म्हणून डेपोतल्या मंडळींनी त्यांचं नाव ठेवलं भोंगाकाका, आणि निवृत्तीनंतरही ते चिकटलं ते चिकटलंच. घरातसुद्धा त्यांना हळू बोलता येत नसे. बायकोच्या कानात सांगायची गोष्ट आधी शेजाऱ्यांना कळे.

त्यांची बायको याच्या अगदी उलट. आवाज मऊ, हात कायम कामात. दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या माडीवर ती लहान मुलांची शाळा घ्यायची. मुलं तिला टीचरआजी म्हणत. काका तेवढा वेळ खाली अंगणातल्या बाकावर पाय पसरून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीच्या ब्रेकविषयी फुकटचे सल्ले देत. देवाधर्माचं खातं बायकोकडे आणि गाडीघोड्याचं आपल्याकडे, अशी त्यांनी मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती.

मग एका सकाळी टीचरआजी न्हाणीघरात घसरली. घोटा मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं, आणि माडीचा जिना बंद झाला.

"अहो, मुलं येतील. शाळा तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

"मी? अगं, मला फक्त माणसं चढवता-उतरवता येतात!"

"मग तेच करा. मुलं वर चढवा, तासाभराने खाली उतरवा. मधे काय बोलायचं ते मी सांगते."

धडा होता येशूच्या वधस्तंभाचा. काकांनी तो घरी तीनदा वाचला आणि छाती फुगवून वर गेले. पहिलं वाक्य संपायच्या आत पुढे बसलेली मुलगी म्हणाली, "हे आम्हाला माहीत आहे." दुसरा म्हणाला, "शेवटही माहीत आहे." मागे दोघांची खोडरबरावरून मारामारी जुंपली. काका गरजले, "गप्प बसा!" मारामारी थांबली खरी, पण सगळ्यात धाकट्याने असं भोकाड पसरलं की त्याची आई चहाचा कप हातात घेऊनच धावत वर आली. काका घरी आले ते चेहरा पाडून.

"आपल्याला नाही झेपायचं हे," त्यांनी जाहीर केलं. बायकोने शेंगांची परडी पुढे सरकवली. स्वयंपाकही आता त्यांच्याकडेच होता.

शनिवारी नात राहायला आली. तिने आजीच्या पलंगावर बैठक जमवली आणि टीव्हीवर कार्टूनचा सिनेमा लावला. काका खाली सतरंजीवर शेंगा मोडत बसले. "मोठ्या माणसांनी काय बघायचं त्यात," असं पुटपुटत त्यांनी टीव्हीकडे पाठ केली. थोड्या वेळाने पाठ तिरकी झाली. मग शेंगा मोडायच्या थांबल्या.

सिनेमात एक साळिंदर होतं. अंगभर काटे, त्यामुळे कुणी जवळ घेईना. शेजारच्या बिळातले ससे त्याला येता-जाता चिडवायचे, खेळात घ्यायचे नाहीत. एके दिवशी टेकडी खचायला लागली आणि सशांच्या बिळाचं छत कोसळू लागलं. साळिंदर धावत आत शिरलं आणि छताला पाठ लावून उभं राहिलं. एकेक ससा त्याच्या पोटाखालून बाहेर पडू लागला. आपले काटे कुणाला टोचू नयेत म्हणून त्याने ते सगळे अंगाशी घट्ट मिटून घेतले होते. वरून दगड लागत होते, तरी मिटलेले काटे त्याने उघडले नाहीत. शेवटचं पिल्लू बाहेर पडलं आणि टेकडी बसली.

मग नातीचं लक्ष खाली गेलं.

"आजोबा, तुम्ही रडताय?"

"कांदा चिरतोय."

"शेंगा आहेत त्या!"

टीचरआजी इतकी हसली की प्लास्टर हादरलं. पण हसता हसता तिनेही पदर डोळ्यांना लावला. पडद्यावर सकाळ झाली होती. ससे रडत बसले होते, आणि ढिगाऱ्यातली माती हळूच हलली. आधी एक काटा वर आला, मग नाक. काकांनी अशी आरोळी ठोकली की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली.

"पण ज्यांनी चिडवलं त्यांच्यासाठीच का केलं त्याने?" काका कितीतरी वेळ तेच घोकत होते.

बायको म्हणाली, "अहो, गेल्या रविवारी तुम्ही मुलांना हेच तर वाचून दाखवत होतात."

काका तिच्याकडे बघतच राहिले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आणि ती आज पहिल्यांदा थेट काळजाला भिडली होती.

दुसऱ्या दिवशी माडीवर त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. साळिंदराची गोष्ट सांगायला घेतली. टेकडी कोसळताना त्यांचा आवाज असा घुमला की खिडक्यांची तावदानं थरथरली. मुलांना त्याची भीती वाटायच्या ऐवजी चेव चढला. "आपण करून बघू!" मग काय, मोठं टेबल म्हणजे बीळ झालं, मुलं झाली ससे, आणि काका साळिंदर होऊन रांगत टेबलाखाली शिरले.

ससे बाहेर पडून गोल करून बसले, तसे प्रश्न सुरू झाले.

"येशूचंही असंच झालं ना? जे त्याला हसले होते त्यांनाच त्याने वाचवलं."

"पण काय होणार ते साळिंदराला आधी ठाऊक नव्हतं. येशूला ठाऊक होतं, तरी तो गेला."

"आणि साळिंदराचे काटे त्याचे स्वतःचे होते. येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट दुसऱ्यांनी घातला," धाकटा म्हणाला. गेल्या रविवारी भोकाड पसरणारा तो हाच.

टेबलाखाली काका कान देऊन ऐकत होते. इतकं नेमकं त्यांना स्वतःला सुचलं नसतं. मग पुढची मुलगी म्हणाली, "पण काका, आपल्यावर कुठे टेकडी पडते? मग आपण काय करायचं?"

उत्तर द्यायला म्हणून काका टेबलाखालून उठायला गेले आणि कमरेत उसण भरली. वाकलेली पाठ सरळ होईना. नेमके त्याच वेळी गोंगाट ऐकून चर्चचे पाळकसाहेब दारात आले. टेबलाखाली अडकलेले काका आणि भोवती उड्या मारणारी मुलं बघून ते क्षणभर थांबले. काकांना वाटलं, आता झाली आपली हकालपट्टी.

"सगळे वाचले का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"सगळे!" मुलं ओरडली.

"मग आता यांना वाचवू या," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

घरी बायको त्यांच्या कमरेला मलम चोळत होती, तेव्हा काकांनी मुलीचा प्रश्न तिला सांगितला. ती म्हणाली, "मुलांनाच शोधू द्या की."

मुलांनी शोधलं. पुढच्या रविवारी हात वर करून सांगायची अहमहमिका लागली. एकाने खिडकीजवळची जागा बहिणीला दिली होती, पूर्ण प्रवासभर, आणि तीही न कुरकुरता. एकीने आईला झोपू दिलं आणि बाळाला स्वतः खेळवलं. धाकट्याने आपल्या बिस्किटातलं अर्धं दिलं होतं. "मोठं अर्धं," त्याने स्पष्ट केलं.

"काका, तुम्ही काय केलंत?"

"मी रोज भांडी घासली," काका अभिमानाने म्हणाले.

"ती तर सगळेच घासतात," पुढची मुलगी म्हणाली. काकांची पार विकेट उडाली. मग तिनेच युक्ती काढली, "आपण टीचरआजीला वर आणू या. तिला आपलं साळिंदराचं नाटक दाखवू."

ठरलं. त्यापुढच्या रविवारी मुलांचे चार बाप पुढे आले, हात असलेली लाकडी खुर्ची आणली आणि तिच्यात टीचरआजीला बसवलं. खालच्या बाजूला, जिथे सगळं वजन येतं, तिथे काका उभे राहिले. "तुमची कंबर!" ती ओरडली. "कंबर गेली खड्ड्यात, तू घट्ट धर!" काकाही ओरडले. अख्खा जिनाभर तिचं "अहो, पाडाल मला!" आणि मुलांचं "हळू, हळू!" चाललं होतं. वर पोचल्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ती लाजून लालेलाल झाली.

नाटक दोनदा झालं. मुलं सगळी एकदम बोलत होती आणि ती प्रत्येकाचं ऐकत होती. मधेच तिने काकांचा हात ओढून त्यांना शेजारी बसवलं. "माझा पाय बरा झाला तरी शाळा आपण दोघांनी घ्यायची," ती म्हणाली. काका जोरजोराने मान डोलावत राहिले.

मग कुणीतरी विचारलं, आजीला आता खाली कसं न्यायचं? चारही बाप एकमेकांकडे बघू लागले. याचा विचार कुणीच केला नव्हता. हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि शेवटी पाळकसाहेबांनी सगळ्यांचा चहा माडीवरच मागवला.