मेहेरबाईंचा कागद

मंडळी, स्टेशनवरून घरी येऊन तास झाला, तरी माझा जीव अजून थाऱ्यावर न्हाई.

तुमाला माहीत हाय, मी मानवतात पेटी शिकवतो आणि हैदराबादेत पियानोची स्पर्धा जिंकलेल्या मेहेरबाईंचा लय चाहता हाय. माझ्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी आपली एक धून विलायती स्वरलिपीत उतरवून पाठवली होती. आज त्यांची गाडी इथून जाणार होती. त्या कागदावर सही घ्यावी म्हणून गेलो.

फलाटावर पोलिसानं झडती घेतली. रेघा आणि ठिपके बघून त्यानं माझं मनगट धरलं.

"ये किसका नक्शा है?"

"गाना है, साब."

"तो गाके बता."

मला ती लिपी वाचता येत न्हाई. सध्या फितुरीच्या संशयावरून धरून नेलेली माणसं लवकर परत येईनात, हेच डोक्यात घुमायलं.

तेवढ्यात गाडी आली. पोलिसाच्या हातात आपल्या हातचा कागद बघून मेहेरबाई खाली उतरल्या आणि कागदावर बोट फिरवत गाऊ लागल्या. पोलिसानं शेवटपर्यंत ऐकलं, मग मनगट सोडलं.

सही करताना त्या हळूच म्हणाल्या, "घर जाके ये जला देना."

परत झडती होईल म्हणून, का ह्यात गाण्याबिगर दुसरंच काय हाय म्हणून, मला कळंना. चूल पेटलेली हाय, पण कागद टाकवंना. तुमी काय केलं असतं?