सफरचंदाची वरात

हे मी इतकी वर्षं घरातही सांगायचं टाळलं. वाई-सांगली एसटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. मांडीवर फुलांनी भरलेली सफरचंदाची फांदी होती, बुडख्याला ओला टॉवेल गुंडाळलेली. ऊन आत आलं की ते तिच्यावर टोपी धरायचे.

"माधवनगरला दारात आमचं झाड हाय," ते म्हणाले. "लय फुलतं, पण फळ न्हाई. त्याला आपल्याच वाणाचा पराग चालत न्हाई."

"म्हणजे सगोत्र नको."

"व्हय. म्हणून दुसऱ्या वाणाचा नवरदेव नेतोय. पण ऊन लागलं की पराग वाया जातो."

झालं! कंडक्टरनं नवरदेवाचं तिकीट अर्धं की पूर्ण, ते विचारलं. मागच्या बायकांनी मंगलाष्टकं धरली. कराडला ते फांदी माझ्या हाती देऊन टॉवेल भिजवायला उतरले. इकडे 'सावधान' झालं आणि मी फुलंच ओरबाडून अक्षता म्हणून उधळली. अख्खी बस हसली. फुलं पायाखाली गेली.

ते परतले आणि फांदीकडे बघत राहिले.

"वारा आला," मी म्हणालो.

त्यांनी परागानं पिवळी झालेली माझी बोटं पाहिली. मग शेंड्याची एक मिटलेली कळी चाचपली आणि हसले. "आवं, वाऱ्यालाबी वरातीत नाचावंसं वाटलं असंल. एक हाय की अजून."

माधवनगरपर्यंत ती कळी त्यांनी टोपीखाली जपली. ते उतरायला उठले तेव्हा 'वारा नव्हता, मीच होतो, माफ करा' हे अगदी ओठांवर आलं होतं. पिवळी बोटं मुठीत लपवून मी म्हणालो, "सांभाळून उतरा."